जीपखालचा इतिहास

आयुष्याची 32 वर्षे मी कुहीत इतिहास शिकवला. पण तो सगळा उभ्याने. निवृत्तीनंतर माझा इतिहासाचा अभ्यास आडवा सुरू झाला. म्हणजे अंगणात गोणपाट टाकायचे, त्यावर उताणे पडायचे आणि कपाळावर टपकणारे गिअरचे ऑइल झेलत वर पाहत राहायचे. वर तारे नसतात. वर सासऱ्यांची जीप असते.

जावयाला सासरहून काय काय मिळते! कुणाला घड्याळ मिळते, कुणाला सोन्याची अंगठी, कुणाला नुसतेच टोमणे. मला जीप मिळाली, आणि टोमणे त्या जीपसोबत आले. सासऱ्यांनी ती 1978 साली एका सरकारी लिलावात घेतली होती. त्या काळी जीप म्हणजे सरकारच. धूळ उडवत जीप आली की गाव ओळखायचे : तहसीलदार तरी असेल, बीडीओ तरी असेल, मलेरियावाला तरी असेल. कुटुंबनियोजनवाल्यांची जीप दिसली की मात्र अर्धा गाव वावरात पळायचा. त्यामुळे सासऱ्यांनी जीप घरी आणली तेव्हा पहिले चार दिवस लोक त्यांना नमस्कार करायचे आणि पाचव्या दिवसापासून दाखले मागायला लागले, असे माझी सासू सांगायची.

मी इतिहासाचा मास्तर. वस्तू घरात आली की तिचे मूळ शोधल्याशिवाय मला जेवण जात नाही. (आमच्या हिचे म्हणणे, जेवण व्यवस्थित जाते, मूळ शोधण्याचे निमित्त भांडी घासताना आठवते.) तर हे मूळ 1940 सालचे निघाले. अमेरिकन लष्कराला घोड्याच्या जागी एक हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याकडून नकाशे करवून घेतले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात नमुना लष्कराच्या दारात नेऊन उभा केला. मोठे कंत्राट मात्र विलीज आणि फोर्ड यांनी पटकावले आणि महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीपा बाहेर पडल्या. शोध एकाचा, पैसा दुसऱ्याचा. हा इतिहासाचा सर्वांत जुना धडा मी वर्गात कितीदा शिकवला, पण उदाहरण म्हणून जीप कधी सुचली नाही.

युद्धाच्या काळात कैलासचंद्र महिंद्र सरकारी कामासाठी वॉशिंग्टनला होते. तिथे त्यांना ही गाडी भावली. 1945 साली भाऊ जगदीशचंद्र आणि गुलाम मोहम्मद यांच्यासह 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी निघाली, ती पोलादाच्या व्यापारासाठी. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि 1948 मध्ये कंपनी 'महिंद्र अँड महिंद्र' झाली. देशाची वाटणी झाली तरी आद्याक्षरांची करावी लागली नाही, एवढीच त्यातली सोय! जीपचे सुटे भाग बाहेरून आणून मुंबईत माझगावला त्यांची जुळणी होऊ लागली आणि 1949 साली पहिली जीप बाहेर पडली. पुढे विलीजचे सीजे-3बी हे उंच कपाळाचे मॉडेल इथेच बनू लागले. कपाळ उंच, कारण आतले इंजिन उंच. अमेरिकेने हे मॉडेल 1968 साली बंद केले. आपण मात्र ते पुढे कितीतरी वर्षे चालू ठेवले. आमची जीप त्याच घराण्यातली.

आता कोणी म्हणेल, कुहीसारख्या तालुक्याच्या गावाला चार चाकांनी ओढणाऱ्या गाडीचे काय काम? त्याने एकदा श्रावणात आमच्या काळ्या मातीत पाय घालून पाहावा. चप्पल राहते, पाय निघतो. कधी पाय राहतो, माणूस पडतो. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात माणसावर इतका लोभ करते की सोडतच नाही. डांबरी रस्त्यावरून नागपूर गाठायला काही अडचण नव्हती. शिवाय 1908 सालची नॅरोगेज होतीच : इतवारीहून निघून कुही, उमरेड, भिवापूर करत नागभीडला जाणारी. पण रेल्वे काही वावराच्या धुऱ्यापर्यंत येत नाही. सासऱ्यांचे वावर होते वेलतूरच्या पलीकडे, आंभोऱ्याच्या अंगाला, वैनगंगेच्या खोऱ्यात. पांदणीने तिथवर धान आणि मिरची न्यायला-आणायला बैल नाही तर जीप, तिसरा पर्याय नव्हता.

या जीपच्या पोटातली रचना सांगतो. पुढची गंमत त्याशिवाय कळायची नाही. इंजिनामागे गिअरबॉक्स आणि त्याच्या पाठीला 'ट्रान्सफर' नावाची दुसरी पेटी. त्या पेटीतून एक शाफ्ट मागच्या एक्सलला जातो आणि एक पुढच्या. दांडी ओढली की पुढचा शाफ्ट मागच्याशी जखडला जातो. मग दोघांनी एकाच वेगाने फिरायचे. चिखलात चाके थोडी घसरतात, म्हणून हे चालून जाते. कोरड्या डांबरीवर मात्र वळणात पुढची चाके जास्त अंतर कापतात, मागची कमी. आणि शाफ्ट तर एकमेकांना बांधलेले. म्हणून कोरड्या रस्त्यावर 'फोर-व्हील' टाकायचे नाही, हा जीपधर्माचा पहिला नियम. सासरे म्हणायचे, "जवाईबापू, चिखलात चौघं मिळून ओढतेत. रस्ता चांगला लागला का भांडतेत."

1973 च्या शेवटी जगात तेलाचा भडका उडाला आणि पेट्रोल पिणारी जीप पोसणे म्हणजे हत्ती पोसणे झाले. सरकारने या जीपा लिलावात काढल्या त्याचेही एक कारण हेच असावे, असा मला दाट संशय आहे. सासऱ्यांनी सहा वर्षे कळ काढली आणि 1984 साली तिच्यात डिझेल इंजिन बसवून कागदोपत्री नोंद करून आणली. डिझेल इंजिनाला घाई नसते, पण खांद्यात जोर असतो. जीप आधी खोकायची, आता डरकाळ्या फोडू लागली. वेग बैलगाडीहून थोडा जास्त आणि आवाज रेल्वेहून थोडा कमी, असा तिचा संसार सुरळीत चालला होता.

मग गोसेखुर्द आले. 1988 साली राजीव गांधींच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली आणि पुढली वीसेक वर्षे 'पाणी येणार, पाणी येणार' अशी हूल उठत राहिली. लोकांनी तर विश्वास ठेवणेच सोडले होते. आणि एक दिवस खरेच आले. सासऱ्यांचे वावर गेले, मागोमाग घर गेले, गाव उठून नव्या जागी बसले. मोबदल्याच्या कागदांची कथा मी सांगत बसत नाही. ती ऐकायला चार चाकांनी ओढणारा श्रोता हवा. सासरे आमच्याकडे कुहीला राहायला आले ते एक ट्रंक, एक विळा आणि ही जीप घेऊन. हिने मला त्याच दिवशी सांगून ठेवले, "अहो, बाबांचं सगळं पाण्यात गेलंय. एवढी एकच गोष्ट चाकावर होती म्हणून वाचली. तिला काही होऊ देऊ नका."

तिला जे काही झाले ते माझ्या हातून झाले.

माझा भाचा पुण्याला संगणकात काम करतो. 2017 च्या दिवाळीत तो आला आणि जीपभोवती तीनदा फिरला. "मामा, ही उंच करायला पाहिजे! काय दिसेल!" काय दिसेल हे त्याने मला फोनवर दाखवले. परदेशातल्या, जिराफासारख्या उंच झालेल्या जीपा दगडांवर चढत होत्या. माणूस निवृत्त झाला की त्याला कोणीतरी 'तुम्ही अजून तरुण आहात' म्हटलेले फार आवडते. मी हो म्हटले. सासरे ओसरीत बसून सुपारी कातरत होते. त्यांना विचारायचे राहून गेले.

या जीपचे पाटे, म्हणजे कमानींच्या पट्ट्या, मुळात एक्सलच्या खालून जातात. भाच्याने नागपूरच्या एका वर्कशॉपात ते एक्सलच्या वर बसवून घेतले. जीप चार-पाच इंच वर गेली. मग त्याच्या मनात आले की डिझेल इंजिन फार रडते, रस्त्यावर वेग यायला हवा. मागच्या एक्सलमध्ये क्राउनला 43 दात आणि पिनियनला 8, अशी मूळची जोडी होती. भंगारबाजारात त्याला 39 आणि 8 दातांची जोडी मिळाली. महायुद्धातल्या जीपला हीच असायची. ती त्याने मागे बसवली. पुढच्या एक्सलसाठी दुसरी तशी जोडी सापडेना. "पुढचं काय, कधीतरीच लागतं, नंतर पाहू," म्हणाला आणि सोमवारची ड्युटी गाठायला पुण्याला गेला. इतिहासात 'नंतर पाहू' या दोन शब्दांनी जितकी राज्ये बुडाली तितकी तोफांनी बुडाली नसतील.

जीप दिसायला खरोखर देखणी झाली. कुहीच्या बाजारात पोरे मागे धावू लागली. फक्त चाळीसच्या पुढे वेग गेला की ती थरथरायची. मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, मागचा शाफ्ट तिरपा झालाय, एक्सलखाली पाचर मारून पिनियनचे नाक वर करा, शाफ्टच्या रेषेत आणा. मी तसे करवून घेतले. थरथर दुप्पट झाली. आमची ही एकदा त्यात बसली आणि उतरल्यावर म्हणाली, "ताक निघालं असतं, दही नेलं असतं तर."

2018 च्या श्रावणात सासरे म्हणाले, "जवाईबापू, एकडाव वावर पाहून येऊ." वय 83. तब्येत खालावत चाललेली. डॉक्टरांनी दगदग नको म्हटले होते. वावर तर पाण्याखाली. पण धुऱ्यावर त्यांचा एक मोह होता, भला मोठा. पाणी आल्यावर तो वाळला, पण उभा आहे असे कोणीतरी त्यांना सांगितले होते. "उभा हाय का पडला, तेवढं पाहाचं हाय," म्हणाले. आंभोऱ्यापर्यंत डांबर, शके 1110 मध्ये मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' इथेच रचला अशी आमच्याकडची परंपरा. आंबेजोगाईकर तो मान आपल्याकडे ओढतात, पण तो चिखल वेगळा. तिथून अलीकडे वळून पांदण धरायची. पावसाळ्यात त्या पांदणीत कार जात नाही, ऑटो जात नाही. जायची तर जीपच.

पांदणीच्या तोंडाशी मी ऐटीत दांडी ओढली आणि फोर-व्हील टाकले. चिखलात जीप बरी चालली. मध्ये मुरमाड, घट्ट जमिनीचा एक पट्टा लागला. सासरे एकदम म्हणाले, "थांबा. आवाज बरोबर नाही." मी म्हटले, "बाबा, जुनी गाडी आहे." आणि खालून बंदुकीसारखा आवाज झाला. मागच्या शाफ्टचा क्रॉस तुटला होता. शाफ्ट तिथल्या तिथे गरगरत राहिला आणि जीप हळूहळू मागे सरकून चिखलात बसली. मोह अजून अर्धा मैल होता.

मी खाली वाकून पाहिले. क्रॉस म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा. मुठीत मावेल एवढा. शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक असतो. त्याचाही इतिहास मोठा आहे. सोळाव्या शतकातल्या कार्दानो नावाच्या इटालियन विद्वानाचे नाव या सांध्याला चिकटले. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने तो यंत्रात वापरून दाखवला. आणि मोटारी साखळीवर खडखडत चालायच्या त्या काळात क्लॅरेन्स स्पायसर नावाच्या कॉलेजातल्या पोराने 1903 साली मोटारीच्या शाफ्टसाठी त्याचे पेटंट घेतले. आमच्या जीपच्या एक्सलवर याच स्पायसरचे नाव आहे. पण हे सगळे मला तेव्हा माहीत नव्हते. तेव्हा मला एवढेच माहीत होते की 83 वर्षांच्या म्हाताऱ्याला मी पावसात, चिखलात आणून बसवले आहे.

म्हातारा मात्र शांत होता. "पाना हाय का?" म्हणाले. होता. "मंग मागचा शाफ्ट दोन्हीकून सोडा आन् गाडीत टाका. समोरचा शाफ्ट हाय ना? समोरच्या चाकावर घरी जाऊ." मी आयुष्यात पहिल्यांदा जीपखाली आडवा झालो तो त्या दिवशी. सासरे वर बसून सांगत होते आणि मी खाली चिखलात बोल्ट सोडत होतो. शेजारच्या वावरातल्या गड्याने बैलजोडी लावून आम्हाला घट्ट रस्त्यावर ओढून दिले, आणि तिथून नुसत्या पुढच्या दोन चाकांवर जीप कुहीला आली. थरथर नाही, खडखड नाही. सासरे वाटेत एकदाच बोलले : "मोह राह्यला." हिने दारातच विचारले, "दिसला का?" मी मागच्या सीटवरचा शाफ्ट दाखवला.

दुसऱ्या दिवशी गावातले म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी जीपला एक फेरी मारली आणि माझ्याकडे, मी नापास पोराकडे पाहायचो तसे पाहिले. "गुरुजी, हे काऊन केलं जी?"

मी भाच्याचे नाव सांगितले नाही. इतिहासात सेनापतीच जबाबदार असतो.

मिस्त्रींनी मग जमिनीवर काडीने रेघ ओढून मला शिकवले. क्रॉस वाकून फिरतो तेव्हा सारख्या वेगाने फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे रेंगाळतो. म्हणून शाफ्टला दुसऱ्या टोकाला दुसरा क्रॉस. पहिल्याने केलेली गडबड दुसरा उलट्या बाजूने निस्तरतो. पण केव्हा? दोघेही सारखेच वाकलेले असतील तेव्हा. तुम्ही पाचर मारून मागच्याला सरळ केला, पुढचा वाकलेलाच ठेवला. मग गडबड निस्तरणार कोण? त्यात ही जीप दोन चाकांमध्ये अवघी 80 इंच. तिचा मागचा शाफ्ट दोन फुटांच्या आत. लांब गाडी पाच इंच उचलली तर शाफ्ट जरासा कलतो. आखूड गाडीत त्याची मानच मोडते.

"आन् हे दात पाहा," मिस्त्री म्हणाले. पुढे 43 ला 8, मागे 39 ला 8. मी तिथेच मनात भागाकार केला : पुढचा शाफ्ट चाकाच्या एका फेऱ्याला 5.375 फेरे मागतो, मागचा 4.875. म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला बरोबर अर्ध्या फेऱ्याचे भांडण! चिखलात चाके घसरून ते मिटवत होती. घट्ट मुरूम लागला, घसरायला जागा उरली नाही, आणि घरातला सर्वांत लहान होता तो मोडला. सासरे म्हणायचे तेच : रस्ता चांगला लागला की भांडतात.

ही सगळे दारातून ऐकत होती. "दोघांनी सारखंच वाकायचं असतं, हे कळायला तुम्हाला जीप तोडावी लागली होय?" म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. मिस्त्रींनी मान खाली घातली. मी तर आधीच घातलेली होती.

दहा दिवस काम चालले. पाटे पुन्हा एक्सलखाली गेले, पाचर निघाली. नाहीतरी नोंदणी-दाखल्याच्या पलीकडचे असले बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ला चालत नाहीत, हे मला मागाहून समजले. मूळची 43-8 ची जोडी नशिबाने गोठ्यात पोत्यात गुंडाळून पडली होती. ती बसवताना मिस्त्रींनी तेलात शेंदूर कालवला, क्राउनच्या चार दातांना लावला आणि पिनियन हाताने फिरवले. शेंदूर दाताच्या नेमक्या मधोमध पुसला जाईपर्यंत पातळ शिमा घालायच्या, काढायच्या, पुन्हा फिरवून पाहायचे. तीन दुपारी हेच. क्रॉस दोन्ही नवे घातले. तुटलेला एकच होता, पण मिस्त्री म्हणाले, "जोडीनंच बदलवा लागते जी." सासरे खाट टाकून बाजूला बसायचे. डोळे मिटलेले, कान जीपकडे.

ऋषिपंचमीनंतर आम्ही पुन्हा गेलो. यावेळी ही पण आली. पांदणीच्या तोंडाशी सासरे म्हणाले, "उतरा." आम्हाला वाटले त्यांना त्रास होतोय. ते हळूहळू फिरून आले आणि चालकाच्या जागेवर बसले. आमची नजरानजर झाली. कोणी काही बोलले नाही. त्यांनी दांडी ओढली, क्लच सोडला, आणि जीप चिखलात शिरली. या ट्रान्सफरच्या पेटीला एक बारीक गुणगुण असते. दातावर दात फिरल्याची. ते मान कलती करून ऐकत होते. मुरमाडा पट्टा आला. त्यांनी दांडी ढकलली, तो संपताच पुन्हा ओढली. मी इतकी वर्षे ही जीप चालवली, पण मला हे कधी सुचले नव्हते.

मोह उभा होता. पाण्यात कमरेएवढा बुडालेला, पांढरा पडलेला, फांद्यांवर पाणकावळे पंख वाळवत बसलेले. सासऱ्यांनी इंजिन बंद केले. बराच वेळ पाहिले. हिने त्यांचा हात धरला होता. मग ते म्हणाले, "चाला." आणि जीप सुरू करून, मला न पाहता, म्हणाले, "आता सूर बरोबर हाय."

त्या हिवाळ्यात ते गेले. पुढच्या वर्षाअखेरीस आमची नॅरोगेजही ब्रॉडगेजसाठी बंद झाली. 2024 साली आंभोऱ्याला वैनगंगेवर तारांनी तोललेला मोठा पूल झाला. त्यावरून पाहिले की अवघे पाणी दिसते. लोक तिथे फोटो काढतात. आम्ही दरवर्षी श्रावणात जीप घेऊन पांदणीनेच जातो. मोह आता नाही, पण पांदण आहे.

अधल्यामधल्या दिवसांत मी खाली असतो. क्रॉसला ग्रीस, ट्रान्सफरला तेल, कुठे सील गळते का ते पाहणे. परवा असाच उताणा पडलो होतो. पैंजणाचे पाय जीपपाशी येऊन थांबले.

"कुठवर आला इतिहास?"

"1903 पर्यंत."

"मग या आता. वर्तमानकाळ ताटात वाढलाय."